थर्झाच्या चोवीस छत्र्या

थर्झा गॅडलिंगच्या हाती कापडाची मोठी कात्री आली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, आणि ती कात्री आली त्याचं कारण एवढंच की छत्र्यांचं कापड कापणारे ट्रँटरमास्तर बर्फावरून घसरले. मास्तर घसरले नसते तर थर्झा तळघरात शिवत शिवतच म्हातारी झाली असती आणि आमच्या गल्लीत तिचं नावही कुणी काढलं नसतं. माणसाचं नशीब कुणाच्या हाडावर बेतलेलं असेल, काही सांगता येत नाही.

हॅस्केटचं दुकान तुम्ही पाहिलं नसेल, पण लंडनमध्ये हॉबर्नच्या मागच्या अंगाला राहणाऱ्या आम्हा लोकांना ते घरच्या उंबरठ्याइतकं माहीत. ओबडाया हॅस्केट यांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या हॅस्केटांनी, १८३९ साली हातगाडीवर धंदा सुरू केला. तेव्हा छत्रीच्या काड्या देवमाशाच्या हाडाच्या असत. एक छत्री उचलायची म्हणजे कडेवर पोर घेतल्यासारखं वजन, आणि भिजली की काड्या तडकायच्या. शिवाय छत्री घेऊन चालणारा माणूस म्हणजे ज्याच्याकडे घोडागाडी नाही असा माणूस, हे न बोलता सगळ्यांना कळायचं. गाडीवान मुद्दाम चाक डबक्यातून नेत आणि वर दात काढत. थोरले हॅस्केट ते सगळं ऐकून घेत आणि छत्र्या विकत राहिले. पुढे पोलादी काड्या आल्या, छत्री काठीसारखी सडसडीत झाली आणि ज्यांनी दात काढले त्यांचीच पोरं रांगेत उभी राहिली. हातगाडीचं दुकान झालं. पुढे विक्री, वर कापायची खोली, खाली तळघरात शिलाई, मागे छोटं अंगण.

त्या दुकानाचा एक नियम होता, आणि तो आजही कुणी मोडत नाही. छताखाली छत्री उघडायची नाही. अपशकुन म्हणतात, तो आहेच. पण थोरल्यांनी एकदा दुकानातच छत्री उघडून दाखवली होती आणि एका बाईंच्या टोपीवरचा पक्षी काडीत अडकून गॅसच्या दिव्यावर जाऊन पडला होता, ही खरी गोष्ट. टोपी गेली, गिऱ्हाईक गेलं. तेव्हापासून छत्री पाहायची ती अंगणात, नाहीतर पायरीवर. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथेच झाला.

थर्झाची आई घरी बसून छत्र्यांची कापडं शिवायची. थर्झा सहाव्या वर्षी सुईत दोरा ओवायला लागली, आठव्या वर्षी टीप घालायला, आणि पंधराव्या वर्षी तयार गठ्ठा घेऊन दुकानात गेली तेव्हा थोरल्यांनी तिची शिवण नखाने ओढून पाहिली आणि म्हणाले, "ही कुणी घातली?" थर्झा म्हणाली, "मी." दुसऱ्या दिवसापासून ती तळघरात. तिथे पाच बायका शिवत, आणि त्यांच्यात वयाने मोठ्या पेकोव्हरबाई. पेकोव्हरबाईंची सुई कधी थांबत नसे आणि तोंडही. शिवणारीण म्हणून थर्झा अशी तयार झाली की तिने शिवलेल्या छत्रीला गिऱ्हाइकं खूण न करता ओळखायची. पण तिचा जीव शिवणात नव्हता. तिचा जीव वरच्या खोलीत होता.

वर ट्रँटरमास्तर कापायचे. छत्रीच्या कापडाच्या आठ पाकळ्या असतात, तिकोनी, कडांना किंचित बाक दिलेल्या. तो बाक केसभर चुकला तर छत्री उघडल्यावर सुरकुतते. मास्तर लाकडी साचा ठेवून, खडूने आखून, लांब कात्रीने एका दमात पाकळी काढत. आठ-आठ पाकळ्यांची जुडी फितीने बांधून ठेवलेली असे, ती आणायला खालच्या बायकांपैकी कुणीतरी वर जाई. एकोणीस वर्षं थर्झाच गेली. जुडी घ्यायची आणि दोन मिनिटं उगाच उभं राहायचं.

"मुळं फुटली का पायाला?" मास्तर मान वर न करता विचारत.

"नाही, जाते."

पण त्या दोन-दोन मिनिटांत तिने सगळं टिपून घेतलं होतं. साचा कसा धरायचा, बाकावर कात्री कुठे मंद करायची, सगळं. डोळ्यांना दिसेल तेवढं सगळं. जे डोळ्यांना दिसत नाही ते मात्र कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? आणि मास्तर सांगणाऱ्यातले नव्हते. बायका शिवतात, पुरुष कापतात, एवढंच त्या धंद्याचं शास्त्र होतं.

१८८० सालचा जानेवारी लागला आणि क्राउचली नावाचे गृहस्थ दुकानात आले. पलीकडच्या वस्तीतल्या प्रार्थनामंदिराचे हे कारभारी. अंगावर काळं, चेहऱ्यावरही तेच. त्यांच्या मंदिराची नवी इमारत उभी राहिली होती, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी त्यांचं चोवीस जणांचं गायनमंडळ जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रस्त्याने गात जाणार होतं.

"पाऊस आला तरी गाणं थांबता कामा नये," क्राउचली म्हणाले. "चोवीस छत्र्या हव्यात. काळ्या. रेशीम नको, रेशमाने मनात गर्व येतो."

"मग अल्पाका घ्या," हॅस्केटसाहेब म्हणाले. "लोकरीचा आहे, टिकाऊ, साधा."

"आणि तमाशा नको, हॅस्केट. आमची मंडळी रस्त्याने चालली की लोकांनी टोप्या काढल्या पाहिजेत. हसता कामा नये."

एवढी मोठी मागणी दुकानाला त्या हिवाळ्यात पहिलीच. अल्पाकाचा तागा आला, आणि तिसऱ्या दिवशी ट्रँटरमास्तर स्वतःच्या दारातच घसरून उजवा हात मोडून बसले. हॅस्केटसाहेबांचं धाबं दणाणलं. चार ठिकाणी माणसं पाठवली. एक कापणारा खोकून अंथरुणाला लागलेला, एक दुसरीकडे बांधलेला, बाकीचे दोघे अल्पाकाचं नाव ऐकून दुप्पट आठवडे मागायला लागले. साहेब पुढच्या दुकानात येरझाऱ्या घालत होते, तेव्हा थर्झा तळघरातून वर आली. हात पदराला, म्हणजे एप्रनला, पुसत.

"साहेब, मी कापते."

"काय कापतेस?"

"क्राउचलींचा अल्पाका."

"अगं, बायका शिवतात. बायका कापत नाहीत."

"का बरं?"

साहेबांनी ताग्याचं टोक उगाच सारखं केलं. म्हणाले, "तशी पद्धत नाही."

"पद्धतीचा हात मोडलाय, साहेब. तिला बरं व्हायला दोन महिने लागतील असं डॉक्टर म्हणतात."

हॅस्केटसाहेब मनाने वाईट नव्हते, फक्त भित्रे होते. वडिलांनी घालून दिलेल्या वाटेवरून पाऊल वाकडं पडलं की त्यांना घाम फुटायचा. पण तागा समोर पडला होता आणि दिवस पळत होते.

"बरं," ते म्हणाले. "पण एकही छत्री परत आली तर?"

"तर मी खाली जाईन आणि मरेपर्यंत जिन्याकडे मान वर करून बघणार नाही. पण सगळ्या पास झाल्या, तर टेबल माझं. मास्तर परत आले तरी मी हलणार नाही."

साहेबांनी मान हलवली. ती होकाराची की थंडीची हे थर्झाने विचारलंच नाही. ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. चौतीस वर्षांची बाई, कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं?

त्या सकाळचं काय सांगावं! खोलीत ती एकटी, समोर बारा फुटी टेबल, आणि हातात ती कात्री, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. पहिली पाकळी कापताना तिने श्वास धरला होता. कात्री बाकावर आली, मंद झाली, वळली, आणि पाकळी अलगद सुटून हातात आली. थर्झा मोठ्याने हसली. खाली पेकोव्हरबाईंना वाटलं, वर कुणी गिऱ्हाईक आलंय.

दुसरी पाकळी आखायला साचा ठेवताना तिच्या लक्षात एक गोष्ट आली. पाकळी तिकोनी. सगळी टोकं एकाच दिशेला ठेवून कापली की दोन पाकळ्यांच्या मध्ये उलटा तिकोन वाया जातो. मास्तर रेशीम कापताना एक पाकळी सुलटी, एक उलटी अशी दाटीवाटीने बसवायचे, काही वाया घालवायचे नाहीत. मग अल्पाकालाच एवढा हात सैल का? मोठमोठे तुकडे पडायचे, आणि खालच्या बायका त्यांची किटली धरायची फडकी करायच्या. थर्झाला वाटलं, अल्पाका स्वस्त, म्हणून मास्तरांना किंमत नाही. पुरुषांना काय, उकिरडा भरला तरी दिसत नाही. तिने पाकळ्या सुलट्या-उलट्या बसवल्या. अल्पाका कापायच्या आधी मास्तर कापडाच्या पाठीवर खडूने एक बाण काढत, हेही तिने पाहिलं होतं. पण कापायच्या आधी मास्तर तळहातावर थुंकतही असत आणि टोपीलाही हात लावत. बाण त्यातलाच, असं समजून तिने तो काढला नाही.

चोवीस छत्र्या कापून झाल्या आणि ताग्यात आणखी तीन छत्र्यांचं कापड उरलं. हॅस्केटसाहेबांनी तो उरलेला तागा दोनदा मोजला आणि तिसऱ्यांदा नुसताच कुरवाळला.

"थर्झा, हे वडिलांना दाखवायला हवं होतं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे पाणावले.

खूश नव्हत्या त्या एकट्या पेकोव्हरबाई. "एक चिंधी नाही पडली," त्या कुरकुरल्या. "मास्तर चेंगट होते, पण चिंध्यांना मोकळे होते. तू वर गेलीस आणि हात आखडलास गं बाई."

मग धुकं उतरलं. त्या वर्षीचं धुकं ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. पिवळं, दाट, घशाला खरवडणारं. दिवसा बारा वाजता रस्त्यात मशाली. शेजारच्या बेकरीतला माणूस पाव द्यायला निघाला तो आमच्याच घरात तीनदा येऊन गेला. तळघरात गॅसच्या दिव्यांखाली बायका शिवत राहिल्या, काड्यांवर कापड चढत राहिलं, आणि तयार छत्र्या एकेक करून अंगणात तपासल्या गेल्या. कारण छताखाली उघडायची नाही! अंगणात हॅस्केटसाहेब कंदील घेऊन उभे राहिले. छत्री उघडली की तिचं टोकही दिसत नव्हतं. त्यांनी बोटांनी काड्या मोजल्या, कापड टिचकी मारून पाहिलं, डफासारखं वाजलं, आणि म्हणाले, "पास." चोवीस वेळा पास. थर्झा प्रत्येक पासबरोबर एकेक बोट दुमडत होती. बोटं संपली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारी सकाळी ऊन पडलं.

दोन आठवड्यांनी लंडनला आभाळ दिसलं, लोक रस्त्यात उभे राहून वर बघत होते. हॅस्केटसाहेब इतके उल्हसित झाले की म्हणाले, "चल थर्झा, आपली एक छत्री उजेडात बघू." अंगणात गेले, छत्री उघडली.

आठांतल्या चार पाकळ्या कोळशासारख्या काळ्या. मधल्या चार चकचकीत, रुपेरी झाक मारणाऱ्या. एकाआड एक. जत्रेतल्या सर्कशीच्या तंबूसारखी छत्री. दुसरी उघडली, तीही तशीच. तिसरी उघडायची हिंमत साहेबांना होईना.

"गिरणीवाल्यांनी फसवलं," ते पांढरेफटक पडून म्हणाले. "रंगात खोट आहे. आत्ताच्या आत्ता पत्र लिहितो. आणि क्राउचलींना सांगतो की गिरणीचा माल असा निघाला. तुझा दोष नाही, थर्झा."

ते आत पळाले. थर्झा अंगणात एकटी उरली. तिने त्या चकचकीत पाकळीवर वरून खाली हात फिरवला. गुळगुळीत. शेजारच्या काळ्या पाकळीवर फिरवला, तर तळहाताला केस उलटे लागले. मांजराच्या पाठीवर शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवावा तसे. तिच्या पायाखालची जमीन सरकली. अल्पाकाचे केस एका दिशेला निजलेले असतात. तो बाण थुंकण्यासारखी सवय नव्हता. तो सांगत होता, सगळ्यांची डोकी एकीकडे ठेव.

गिरणीला पत्र गेलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. मास्तर घरी हात बांधून पडलेले. खालच्या बायकांना कापणं माहीत नाही. टेबल थर्झाचंच राहिलं असतं. ती त्या अंगणात किती वेळ उभी होती कोण जाणे. पुढे कधी तरी तिने मला सांगितलं, "तेवढ्या वेळात मी एकदा गप्प बसायचं ठरवलं होतं, खोटं कशाला बोलू." पण मग ती आत गेली. साहेबांनी पत्रात 'महाशय' एवढंच लिहिलं होतं.

"साहेब, कापड चांगलं आहे. कापणं चुकलं. मी उलट्या-सुलट्या कापल्या."

हॅस्केटसाहेबांनी टाक खाली ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "मग खाली जा, थर्झा."

ती खाली गेली. पायऱ्या मोजत. तळघरात बातमी आधीच पोचली होती. पेकोव्हरबाईंनी एक छत्री जवळ ओढली, काड्यांवरचे टाके कातरले आणि शिवण उसवायला घेतली.

"काय करताय?" थर्झाने विचारलं.

"चोवीस छत्र्यांच्या काड्या तरी वाचतील. कापडाची मात्र आता फडकीच. रडू नकोस, मला बारा पुरतील."

आठ पाकळ्या सुट्या होऊन टेबलावर पडल्या. थर्झाचा हात नुसता सवयीने त्यांच्यावरून फिरला. ही गुळगुळीत, ही खरखरीत, ही गुळगुळीत. गुळगुळीत ती डावीकडे ठेव, खरखरीत ती उजवीकडे. चार आणि चार. तिने पेकोव्हरबाईंच्या हातातली दुसरी छत्री हिसकावून घेतली, टराटरा उसवली. पुन्हा चार आणि चार. डावीकडे आता आठ पाकळ्या झाल्या होत्या, सगळ्या एकाच अंगाच्या. उजवीकडेही आठ.

आठ पाकळ्यांची एक छत्री!

ती जिन्याकडे धावली, पहिल्या पायरीला अडखळली, तशीच वर.

"तुला खाली जायला सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

"गेले होते. परत आले. साहेब, कापड वाया गेलेलं नाही. नुसती भेसळ झालीय. सगळ्या उसवायच्या, सुलट्यांच्या बारा छत्र्या करायच्या, उलट्यांच्या बारा. कुठलीही छत्री उघडा, सगळीकडून एकसारखी."

"आज शुक्रवार आहे. उद्या चार वाजता क्राउचली येतोय."

"म्हणजे साहेब, तुम्ही बोलण्यात वेळ घालवताय."

एकोणीस वर्षांत तिने साहेबांना असं काही ऐकवलं नव्हतं. साहेबांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि तळघरात आले. त्या जिन्यावर मालकाचं पाऊल पडल्याचं पेकोव्हरबाईंनाही आठवत नव्हतं. उसवणं साहेबांकडे, निवडणं थर्झाकडे, शिवणं पाच जणींकडे. थर्झा डोळे मिटून निवडत होती, कारण गॅसच्या उजेडात डोळे फसवतात आणि तळहात फसवत नाही. एकशे ब्याण्णव पाकळ्या तिच्या हाताखालून गेल्या. जुन्या टिपेच्या भोकांतूनच नवी टीप घालायची, म्हणजे कापडावर व्रण राहत नाही, हे पेकोव्हरबाईंनी सुचवलं. शनिवारी दुपारी कुणी जेवायला उठलं नाही. साहेबांनी बाहेरून गरम वाटाण्याचं सार आणि पाव आणला आणि स्वतःच्या हाताने वाढला. बायकांनी तो एका हाताने खाल्ला. साडेतीनला चोविसाव्या छत्रीचा शेवटचा टाका पडला.

चारला क्राउचली आले. अंगणात उजेड होता. पहिली छत्री उघडली, सगळी एकसारखी काळी. दुसरी, तिसरी, चौथी. थर्झाच्या जिवात जीव येतो न येतो तोच क्राउचलींनी एक छत्री डाव्या हातात धरली, एक उजव्या, आणि भुवया वर गेल्या.

"हॅस्केट, ही चकाकते. ही नाही. दोन प्रकार का?"

हॅस्केटसाहेब खोकले. थर्झा पुढे झाली.

"कापड एकच आहे, साहेब. हात फिरवून बघा. केस वरून खाली निजले की उजेड घसरतो, खालून वर आले की उजेड आत मुरतो. ती चूक माझी, कापताना झाली. पण बारा-बाराच्या दोन जोड्या नीट लावल्यात."

क्राउचलींनी हातमोजा काढून खरंच हात फिरवला. मग दोन्ही छत्र्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या.

"माझ्याकडे बारा बायका आहेत आणि बारा पुरुष," शेवटी ते म्हणाले. "चकाकणाऱ्या वरच्या सुरांना, काळ्या खालच्या सुरांना. एकीकडून या, एकीकडून ते." आणि लगेच मघाचाच चेहरा करून, "पण उद्या रस्त्यावर बघू. एक जरी माणूस हसला, तरी सोमवारी चोवीस छत्र्या तुमच्या दारात."

"आणि तुझंही मग सोमवारीच बघू," हॅस्केटसाहेब थर्झाला म्हणाले. ते लागलं तिला. पण करार तिनेच केला होता.

रविवारी पाऊस नव्हता. आभाळ भरलेलं, पण थेंब नाही. मिरवणूक निघाली, गाणं सुरू झालं, चोवीस छत्र्या मिटलेल्या. थर्झा फुटपाथवरून त्यांच्याबरोबर चालत होती, जवळजवळ पळत होती, आणि वर बघून मनातल्या मनात देवाशी भांडत होती. या शहरात वर्षभर नको तेव्हा पाडतोस, आज काय झालं? शेजारी कुणीतरी घशात खाकरलं. ट्रँटरमास्तर होते, हात गळ्यात बांधलेला.

"ऐकलं मी सगळं," ते म्हणाले. "विचारलं का नाहीस मला? घर काय लांब होतं?"

"तुम्ही सांगितलं असतं?"

मास्तरांनी खरोखर विचार केला. "नाही," ते म्हणाले.

नवीन इमारत दिसायला लागली. जेमतेम शंभर पावलं. आणि तेव्हा मास्तरांच्या टोपीवर टप् करून आवाज झाला, मग दुसरा, आणि मग आभाळ फाटलं. चोवीस छत्र्या एकदम उघडल्या. डावीकडे बारा, पावसाच्या पाण्याने लखलखत. उजवीकडे बारा, खोल काळ्या, एकीवरही उजेडाचा ठिपका नाही. मधून गाणं चाललेलं, एक सूरही हलला नाही. कडेला उभ्या गाडीवानांपैकी एकाने तोंड उघडलं. थर्झा जागच्या जागी थांबली. त्याने टोपी काढली. मग शेजारच्याने काढली. पावसात डोकी भिजवत माणसं उभी राहिली, आणि थर्झा हुंदके देऊन रडत होती आणि हसतही होती. तिच्याकडे स्वतःची छत्री नव्हती, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"ते मधले तुकडे," मास्तर भिजत पुटपुटले, "बत्तीस वर्षं मी खाली फेकले. बारा-बारा लावायचं कधी सुचलं नाही."

सोमवारी एकही छत्री परत आली नाही. थर्झा वर गेली आणि दोन महिने तिने कापलं. सुलट्यांची जुडी वेगळ्या रंगाच्या फितीत, उलट्यांची वेगळ्या. पण मार्च आला, मास्तरांचा हात सुटला, आणि ते एके दिवशी सकाळी कामावर हजर झाले. हॅस्केटसाहेबांनी त्यांना कराराचं काही सांगितलंच नव्हतं. जिन्यावर मास्तरांची पावलं वाजली तेव्हा साहेब पुढच्या दुकानात एकाच छत्रीची मूठ तिसऱ्यांदा पुसत होते. भित्रे होते, म्हटलं ना.

मास्तर आत आले. थर्झा टेबलाच्या मधोमध उभी होती, कात्री हातात. ती हलली नाही. मास्तरांनी टोपीला हात लावला, तळहातावर थुंकले, खुंटीवरची आपली जुनी कात्री घेतली आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. तागा त्यांनी दोघांच्या मध्ये उलगडला.

"मी डोक्याकडून कापतो," ते म्हणाले. "तू शेपटीकडून ये. दोघांच्यात चिंधी पडली नाही पाहिजे."

तासभर दोन कात्र्यांचाच आवाज होता. मग मास्तर गुरगुरले, "कोपर आवर. माझ्या हद्दीत येतेय."

थर्झाने पाकळी पुरी केली, जुडीवर ठेवली, आणि मग म्हणाली, "हद्द कसली, मास्तर? टेबल माझं आहे."

ट्रँटरमास्तर हसले नाहीत. पण ते सरकले.